‘जैत रे जैत’: आठ गाणी, आठवीपासून पहिलीपर्यंत!

साल १९८६. अमेरिकेत ग्लॅम मेटलची चलती. फुगवलेले केस, चकाकणारे कपडे आणि कानठळ्या बसवणारी गिटार. न्यू जर्सीच्या बॉन जोवी या बँडनं ‘स्लिपरी व्हेन वेट’ हा अल्बम करायला घेतला आणि लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त गाणी करून ठेवली. आता यातली ठेवायची कुठली? त्यांनी आसपासच्या पोराटोरांना बोलावलं, गाणी ऐकवली आणि त्यांची पसंती विचारली. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या एक कोटी वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. पंच हुशार होते!

आता असेच पंच पेण-रोह्याच्या एखाद्या नाक्यावर बसवले, तर त्यांच्यापुढे कुठला अल्बम ठेवायचा? माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘जैत रे जैत’ या १९७७च्या चित्रपटाची गाणी. कारण या गाण्यांमधला डोंगर आपल्या रोजच्या रस्त्यावर उभा आहे. पनवेलहून पेणला येताना आकाशात अंगठा दाखवणारा कर्नाळ्याचा सुळका, तोच गो. नी. दांडेकरांच्या मूळ कादंबरीतला लिंगोबा. गाण्यातलं रान पेण, सुधागड, रोहा या तालुक्यांच्या डोंगरउतारावर आजही आहे आणि गाण्यातली माणसं आपल्याच बाजारात रानभाजी घेऊन बसतात.

चित्रपटात डझनापेक्षा जास्त गाणी आहेत. त्यातली आठ निवडली. कसोटी दोन प्रश्नांची: डोळे मिटून ऐकताना रान दिसतं का? आणि त्या रानातलं माणूस कळतं का? दोन्हींना ‘हो’ म्हणणारं गाणं वर.

शिवाय एक सोय केली आहे. प्रत्येक गाण्यापुढे रस्त्याचा एक टप्पा दिला आहे. पळस्पे फाट्याला आठवं लावा, रोह्यात शिरताना पहिलं लागेल.

आधी ओळखपरेड

• दोन डॉक्टर. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नायक मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. दोघं पुण्याच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातून (१९७२) आलेले. तिथे आगाशे नाना फडणवीस होते, इथे ते कमरेला लंगोटी लावून डोंगर चढणारा नाग्या झाले.

• निर्माती गायिका. चित्रपटाच्या निर्मात्या उषा मंगेशकर. ‘पिंजरा’तल्या (१९७२) लावण्या आणि ‘जय संतोषी माँ’ची (१९७५) आरती गाणाऱ्या त्याच.

• भावाचं संगीत, बहिणींचे आवाज. संगीतकार हृदयनाथ मंगेशकर. लता आणि आशा दोघीही या अल्बममध्ये गायल्या आहेत. निर्मिती धरली तर चार भावंडं एका चित्रपटात.

• शेतकरी गीतकार. ना. धों. महानोर यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२चा, अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेडचा. ‘रानातल्या कविता’ (१९६७) या संग्रहानं त्यांचं नाव गाजलं. रान त्यांच्या घरचंच, फक्त मराठवाड्यातलं. ते त्यांनी सह्याद्रीत आणून लावलं आणि इथे ते रुजलं.

• मूळ गोष्ट गोपाळ नीलकंठ दांडेकरांची. किल्ल्यांवर आयुष्यभर भटकलेला हा लेखक. अभिनेत्री मृणाल कुलकर्णी त्यांची नात.

• राष्ट्रीय पुरस्कार. १९७७च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘जैत रे जैत’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्याच वर्षी स्मिता पाटीलला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, पण ‘भूमिका’साठी! एकाच वर्षात ही नटी ‘भूमिका’ची उषा होती आणि ‘जैत रे जैत’ची चिंधीही.

आता निघू या.

८. डोंगर काठाडी ठाकरवाडी
*टप्पा: पळस्पे फाटा ते शिरढोण*

हे गाणं तुम्हाला हात धरून वाडीवर नेतं. डोंगर कुठे, घरं कुठे, माणसं कोण, सगळं सांगतं. गाव सपाटीला आणि वाडी डोंगराच्या कडेला ही रायगडची जुनी मांडणी. पेण तालुक्यात फिरलात तर आजही हेच दिसतं: खाली खारेपाटातली आगरी-कोळी गावं, मध्ये भातखाचरं आणि वर चढणीला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. ते चित्र एका गाण्यात बसवणं सोपं नाही.

मग आठवं का? कारण ओळख करून दिली की त्याचं काम संपतं. त्यानंतर पुढच्या गाण्यांची ओढ लागते, आणि हेही त्याचंच यश.

*चटकन:* याच टप्प्यावरचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. या डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेल्या माणसाच्या बंडाची गोष्ट चित्रपटाच्या जवळपास शंभर वर्षं आधीच घडून गेली होती.

७. लिंगोबाचा डोंगर
*टप्पा: सुळका दिसायला लागला की लगेच*

गाणं ऐकायचं आणि मान वर करायची, बाकी काही करावं लागत नाही. ढोल आणि समूहाचा घोष मिळून डोंगराला देव करतात. ठाकरांसाठी लिंगोबा म्हणजे राखणदार, आणि त्याच्या कड्यावर लटकलेली मधमाश्यांची पोळी म्हणजे त्याची माणसं. गोष्टीतला सगळा झगडा इथूनच सुरू होतो. भगताचा पोर नाग्या पुण्यवंत व्हायला निघतो, माशी त्याच्या डोळ्याला डसते, डोळा जातो. ज्याला देव मानलं त्याच्याकडूनच हा घाव! मग तो लिंगोबाची पोळी उतरवायचा पण करतो.

गाणं जबरदस्त आहे, पण पडद्यावरचा डोंगर सोबत असला की त्याची उंची दुप्पट होते. नुसतं ऐकायला सातवं, मोठ्या पडद्यावर पाहायला पहिल्या तिनांत.

*चटकन:* कर्नाळ्याची उंची साधारण ४४० मीटर. १६६५च्या पुरंदरच्या तहात मुघलांना द्यावे लागलेल्या २३ किल्ल्यांत हा होता, आणि १६७० मध्ये तो परत स्वराज्यात आला.

*आणखी चटकन:* सुळक्यावर आजही आग्या मोहोळ असतं. आग्या माशी झाकलेल्या पोकळीत घर करत नाही. कड्याला किंवा उंच फांदीला एकच मोठं उघडं पोळं लावते, हंगाम बदलला की उठून जाते आणि पुष्कळदा त्याच जागी परत येते. एक डसली की तिच्या वासावर बाकीच्या तुटून पडतात. म्हणून गडावर गेलात तर आरडाओरडा नको, धूर नको, अत्तर तर नकोच.

६. असं एखादं पाखरू
*टप्पा: कर्नाळा पक्षी अभयारण्याचं फाटक*

अल्बममधलं सर्वांत हलकं गाणं, वजनानं हलकं आणि उडायला तयार. पाखरू उडतं हे कुणीही लिहील. महानोरांनी पाखरापेक्षा आभाळाचीच ओढ मोठी करून ठेवली. चिंधीकडे पाहताना नाग्याच्या पोटात काय होत असेल, ते या एका उलटापालटीत कळतं.

हे गाणं वर चढलं असतं, पण त्यातलं पाखरू कुठल्याही रानातलं असू शकतं. आपली कसोटी कडक आहे.

*चटकन:* कर्नाळ्याचं अभयारण्य १९६८ पासूनचं. पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे गेलात तर मलबारी शीळकस्तुर ऐकू येतो, अगदी माणसानं शीळ घालावी तसा. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. दोघांना ऐकून मग हे गाणं लावा आणि हृदयनाथांनी मोकळी जागा कुठे कुठे सोडली आहे ते पाहा.

५. पीक करपलं
*टप्पा: खारपाड्याचा पूल ते हमरापूर*

सगळ्या धमाल गाण्यांच्या मधे हे गाणं येतं आणि गाडीतली बडबड थांबते. पाणी नाही, दाणा नाही, पाखरंही निघून गेलेली. महानोर स्वतः दुष्काळी भागातले शेतकरी. पळसखेडला त्यांनी कोरडवाहू जमिनीशी आयुष्यभर झुंज घेतली, पाणी अडवण्यासाठी राबले. त्यामुळे इथला शब्द पुस्तकातून आलेला वाटत नाही.

कोकणात धो धो पाऊस, इथे कसला दुष्काळ, असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यात एखाद्या वाडीवर जावं. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उतारावरून तसाच खाडीला जातो. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईपर्यंत पोचतं, पण वरच्या वाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात झऱ्यावर हंडा घेऊन बसतात. भात निघालं की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गाण्यातलं पाखरांचं निघून जाणं इथे माणसांच्या वाट्याला आलं आहे. म्हणून या गाण्याला पाचवा नंबर, आणि तोही आदरानं.

*चटकन:* हमरापूर आणि शेजारचं जोहे म्हणजे पेणच्या गणपती कारखान्यांची गावं. वर्षभर मूर्ती घडतात आणि श्रावणात ट्रक भरून निघतात.

मधला थांबा: आपटा!

रेल्वेनं येत असाल तर पनवेल सोडल्यावर आपटा स्टेशन लागतं. शाहरुख खान धावत्या गाडीच्या दारातून काजोलला हात देतो, तो ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा (१९९५) शेवट इथलाच. हिंदी सिनेमातली सर्वांत गाजलेली रेल्वेगाडी आणि मराठी सिनेमातला सर्वांत गाजलेला डोंगर, दोघं एकमेकांचे शेजारी आहेत. पुढच्या वेळी पाहुणे आले की त्यांना एका दिवसात दोन्ही दाखवा.

४. नभं उतरू आलं
*टप्पा: पेण सोडलं, पहिला पाऊस आला, काच खाली*

आशा भोसले. सहाच वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये, त्यांनी ‘दम मारो दम’ आणि ‘पिया तू अब तो आजा’ गाऊन देश हलवला होता. इथे तोच आवाज कुजबुजण्याइतका खाली येतो. घाई नाही, ठेका रेटत नाही. पाऊस येण्याआधी रानात एक ओलसर थरथर असते, वारा थांबतो, पानं वाट पाहतात. तो क्षण चालीत पकडला आहे. प्रणयगीत म्हणून हे मराठीतल्या पहिल्या पाचांत बसेल, आणि त्यात शरीराचा संकोच नाही. रानातल्या माणसाला तो नसतोच. महानोरांच्या कवितेत पाऊस, पीक आणि बाई ही एकाच मातीची तीन रूपं असतात. इथे ती तिन्ही भेटतात.

मग चौथं का? कारण हे दोघांचं गाणं आहे, आणि अजून वाडी यायची आहे.

*चटकन:* पहिल्या पावसात रायगडच्या रानात शेवळं उगवतात. पेण-रोह्याच्या बाजारात आदिवासी बाया त्यांच्या जुड्या घेऊन येतात आणि सोबत काकडं हे आंबट फळ विकतात. काकडं घातली नाहीत तर शेवळ्याची भाजी घशाला खाजते. हे दोन्ही एकाच हंगामात, एकाच रानात पिकवायचं रानाला कसं सुचलं असेल! हाही पावसाचाच प्रणय म्हणायचा.

३. जांभूळ पिकल्या झाडाखाली
*टप्पा: वडखळ ते नागोठणे, आवाज मोठा*

लग्नाची वरात, शाळेचं गॅदरिंग, गणपतीचा मांडव, कुठेही लावा, पाय हलतात. आशा भोसले आणि रवींद्र साठे यांचं द्वंद्वगीत. ढोल इथे साथीला नसून तो गाण्यातलं तिसरं पात्र आहे. कोण वाजवतंय, हा प्रश्न अख्खी वाडी विचारते आणि उत्तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. प्रेम जमलेलं दोघांच्या आधी गावाला कळतं. ही गंमत ज्यानं वाडीत दिवस काढलेत त्याला लगेच कळते.

रवींद्र साठे यांचा आवाज ही या अल्बमची गुप्त ताकद आहे. ‘घाशीराम’च्या मानवी भिंतीत उभं राहून गाणारे साठे, ‘सामना’त (१९७५) आरती प्रभूंचं ‘कुणाच्या खांद्यावर’ गाणारेही तेच. आशाबाईंच्या लखलखीत आवाजापुढे त्यांचा मातकट, रुंद आवाज उभा राहिला आणि गाण्याला जमीन मिळाली.

*चटकन:* जांभूळ पिकतं मे-जूनमध्ये. पहिला मोठा पाऊस झाला की फळ फुटून गळतं. म्हणजे या गाण्याचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि तेवढ्यात लग्नंही उरकायची असतात!

*रायगडचे ढोल:* ठाकरांचा ढोल, गावदेवीच्या पालखीपुढचा खालूबाजा, शिमग्याचा ढोल. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला तर पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते आणि त्यानंतर वाजंत्री जी सुटते ती सुटतेच. कुठला ढोल कुठला, हे इथल्या पोराला न पाहता ओळखता येतं.

*सातासमुद्रापारचा ढोल:* ग्लॅम मेटलवाल्यांच्या लाडक्या ‘हिस्टेरिया’ (१९८७) या अल्बममध्ये १२ गाणी होती आणि त्यातली तब्बल ७ स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून निघाली. त्यात ड्रम वाजवणारे रिक अ‍ॅलन यांचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४च्या अपघातात गेला होता. त्यांनी पायानं चालणारे इलेक्ट्रॉनिक ड्रम बनवून घेतले आणि वाजवणं चालू ठेवलं. तिकडे एका हातानं ड्रम वाजवणारा खराखुरा माणूस, इकडे एका डोळ्यानं कडा चढणारा गोष्टीतला नाग्या. जिद्दीला मुलूख नसतो.

२. आम्ही ठाकर ठाकर
*टप्पा: नागोठणे ते कोलाड, सगळ्यांनी मिळून म्हणायचं*

अनेकांना हा नंबर चकित करेल. ‘जांभूळ’ आणि ‘नभं’च्या वर हे? हो, आणि मी त्यावर ठाम आहे.

मराठी सिनेमात आदिवासी पाडा त्याआधीही दिसला होता, पण बहुतेकदा नाचापुरता. नायक-नायिका जंगलात हरवायची, मशाली पेटायच्या, अंगावर पिसं लावलेली मंडळी गोल फिरायची आणि गाणं संपलं की अंधारात जायची. ‘जैत रे जैत’मध्ये पाड्यावरचीच माणसं नायक, नायिका, बाप, भगत सगळं आहेत. आणि या गाण्यात ती स्वतःची ओळख स्वतः करून देतात, ताठ मानेनं, आनंदानं, कुणाची परवानगी न घेता. रान आमचं आणि आम्ही रानाचे, हा त्याचा सगळा ठसा.

ऐकताना समूहाच्या आवाजाकडे लक्ष द्या. सगळे एका साच्यातून काढल्यासारखे गुळगुळीत गात नाहीत. एखादा आवाज पुढे येतो, एखादा मागे राहतो आणि पाड्यावरच्या फेरासारखं गाणं फिरत राहतं.

ठाकर समाज रायगड, ठाणे, नाशिक, पुणे, अहिल्यानगर अशा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. त्यात ‘क’ ठाकर आणि ‘म’ ठाकर अशा दोन शाखा. ल. ना. चापेकरांनी त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ १९६० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापला. पण लाखो मराठी माणसांना ‘ठाकर’ हे नाव आपुलकीनं घ्यायला शिकवलं ते या एका गाण्यानं. ग्रंथाचं काम ग्रंथ करतो, गाण्याचं गाणं. इथे गाणं जास्त घरांत पोचलं.

*चटकन:* २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांच्या यादीत मध आहे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या आदिवासीला मध गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क कायद्यानं मान्य केला. नाग्यानं कड्यावर जीव टाकून जे उतरवलं, त्यावरचा वाडीचा अधिकार कागदावर यायला चित्रपटानंतर जवळपास तीस वर्षं लागली.

*आणखी चटकन:* हृदयनाथांचं कोकण दोन बाजूंचं आहे. शांता शेळके यांच्या कोळीगीतांना चाली देऊन त्यांनी आधी दर्या गाजवला. ‘मी डोलकर’मध्ये लता मंगेशकर आणि हेमंतकुमार ही जोडी त्यांचीच. मग ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) आणि लगोलग हा डोंगर. पेण तालुक्याला एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. दोन्हीकडची गाणी एकाच संगीतकाराची, असं भाग्य किती तालुक्यांना लाभतं?

१. मी रात टाकली
*टप्पा: कुंडलिकेचा पूल, रोहा*

पहिला नंबर. आणि तो फक्त लता मंगेशकरांचा आवाज आहे म्हणून नाही.

चिंधीची गोष्ट आठवा. तिचं लग्न झालेलं आहे, नवरा पटत नाही, ती त्याला सोडते. ठाकरांमध्ये लग्नात मुलीच्या घरी देज द्यायची रीत होती. बाईनं नवरा सोडला तर ते देज परत करायचं आणि मग ती दुसरं घर करायला मोकळी. शहाण्यासुरत्या शहरी घरांत ज्या गोष्टीचा नुसता उल्लेख दार लावून व्हायचा, तिचा निवाडा वाडीवर चारचौघांत होत असे. चिंधी मोकळी होते. आणि काय करते? गाते!

१९७७ साल डोळ्यांपुढे आणा. पडद्यावर नवरा सोडलेली बाई दिसली की मागे सारंगी वाजायची, पदर डोळ्यांना लागायचा. इथे ढोल वाजतो. नायिका जुनं आयुष्य सापाच्या कातीसारखं अंगावरून उतरवते आणि मागे वळूनही पाहत नाही. अपराधाचा लवलेश नाही, कुणाची माफी नाही, पुढच्या सुखाची हमीही ती मागत नाही. पटकथेतली दहा पानं जे सांगू शकली नसती ते एका मुखड्यात येतं. मराठी चित्रपटगीतांत बाईच्या सुटकेचा इतका खणखणीत उत्सव त्याआधी मी ऐकलेला नाही.

आता आवाजाकडे या. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९चा, म्हणजे त्या अठ्ठेचाळिशीच्या आसपास. स्मिता पाटीलचा १७ ऑक्टोबर १९५५चा, म्हणजे ती जेमतेम बाविशीची. देवघरातल्या समईसारखा जो आवाज घराघरात मानला जात होता, तो इथे रानात अनवाणी धावतो आणि बाविशीच्या अंगात चपखल बसतो. आवाजात वय नाही, तोरा नाही, फक्त वारा आहे. हृदयनाथांनी मोठ्या बहिणीला शास्त्रीय हरकतींचा दागिना कमी दिला आणि ठेका भरपूर दिला. हीच त्यांची हुशारी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: रान दिसतं का? ओलं, हिरवं, अंगाला लागणारं. दुसऱ्याचं: माणूस कळतं का? चिंधी या एका गाण्यात पुरती कळते. दोन्हींना इतका जोरात ‘हो’ दुसऱ्या कुठल्याच गाण्यानं मिळवला नाही.

*चटकन:* पाचच वर्षांनी हीच चौकडी पुन्हा जमली. जब्बार पटेल, स्मिता पाटील, हृदयनाथ आणि लताबाई. चित्रपट ‘उंबरठा’ (१९८२), गोष्ट पुन्हा घर सोडून बाहेर पडणाऱ्या बाईची, फक्त या वेळी सुशिक्षित आणि शहरी. उंबरठा ओलांडायचा धडा पडद्यावर आधी ठाकरवाडीनं दिला होता.

*आणखी चटकन:* हे गाणं रोह्यात का लावायचं? कारण कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. तिथून पुढचा रूळ नवा, बोगदे नवे, मुलूख नवा. जुनं टाकून पुढे निघायला याहून चांगलं स्टेशन नाही.

यादीत न बसलेली

‘कोण्या राजानं’, ‘वाट पाहुनी’ आणि गोष्ट पुढे सरकवणारे कितीतरी छोटे तुकडे राहिले. या अल्बमची खरी गोम इथेच आहे. गाणी कथेला थांबवत नाहीत, तीच कथा सांगतात. म्हणून एकदा तरी सगळा चित्रपट सलग पाहा. निळू फुले यांचा भगत पाहा. ‘सामना’तला तो बेरकी हिंदुराव इथे पोरावर जीव टाकणारा, देवाला घाबरणारा म्हातारा बाप झाला आहे. मग गाणी पुन्हा ऐका. माझा क्रम तुमच्याशी जुळणार नाही, याची मला जवळपास खात्री आहे. घरातल्या तीन पिढ्यांना विचारा, तीन वेगळे पहिले नंबर मिळतील.

महानोर ३ ऑगस्ट २०२३ला गेले. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ला, स्मिता तर १९८६लाच, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. गाणी मात्र अजून वाजतात आणि ज्यांच्यावर ती रचली ती माणसं याच रस्त्यावर भेटतात. मे-जूनमध्ये खारपाडा ते कोलाड पट्ट्यात पळसाच्या पानांवर जांभळं, करवंदं मांडून बसलेली एखादी ठाकर किंवा कातकरी मावशी दिसली की गाडी बाजूला घ्या. ती सांगेल तो भाव द्या, घासाघीस करू नका. इतकी वर्षं तिच्या रानाची गाणी आपण फुकट ऐकत आलो आहोत.